अपडेटनंतर काही बिघडलं? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

विंडोजचं महिन्याचं मुख्य अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं. मायक्रोसॉफ्टच्या घड्याळात तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. त्यामुळे आपल्याकडची बोंब बुधवारी सकाळी सुरू होते. प्रिंटर गप्प, मराठी कीबोर्ड गायब, डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं यूएसबी यंत्र) ओळखलं जात नाही, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: ‘काल तर चालत होतं हो!’

दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मध्ये कधीही पडतो. दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ या जीएसटी विवरणपत्राची तारीख ११. हिशेबाच्या कामात असलेल्यांना आणखी सांगायला नको.

मग कॉम्प्युटरवाला येतो, दोन मिनिटं माऊस फिरवतो आणि निकाल देतो: ‘दादा, फॉरमॅट मारावं लागेल. डी ड्राइव्हला हात लावत नाही, टेन्शन घेऊ नका.’ यात त्याचं काम सोपं होतं, तुमचं नाही. सगळी सॉफ्टवेअर परत टाका, लायसन्स परत चालू करा, प्रिंटर परत जोडा. आणि दोष खरोखरच अपडेटचा असेल, तर नव्याने टाकलेलं विंडोज इंटरनेटला जोडलं की तेच अपडेट पुन्हा उतरवून घेतं. दिवस गेला, दुखणं तिथंच.

दुसरा आवडता उपाय म्हणजे अपडेट कायमचं बंद करून टाकणं. तो त्याहून वाईट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर फाइली कुलूपबंद केल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, दोन महिने आधी दिलेलं होतं. ज्यांनी ते बसवलं नव्हतं ते सापडले.

म्हणजे अपडेट घ्यायचं, पण आपल्या सोयीने. आणि बिघडलंच तर जेवढं बिघडलंय तेवढंच दुरुस्त करायचं. खालच्या पायऱ्या विंडोज ११ धरून लिहिल्या आहेत; विंडोज १० मध्ये मेनूंची नावं थोडी इकडेतिकडे आहेत, रस्ता तोच.

पायरी १: सगळं चालू असताना करायची कामं

ही पायरी लोक हमखास टाळतात. पण बिघाड झाल्यावर यातलं बरंचसं करता येत नाही, म्हणून आधी हीच.

पहिलं काम, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) चावी शोधून कागदावर लिहा. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही मशीन सुरू होताना थेट निळ्या पडद्यावर येऊन थांबली आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागली. चावी नसेल तर डेटा गेला असं समजा; मायक्रोसॉफ्टकडेही दुसरा उपाय नाही. ही चावी बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. ब्राउझरमधून अकाउंटमध्ये जा, ‘डिव्हायसेस’मध्ये आपलं मशीन निवडा आणि तिथे रिकव्हरी की बघा. इथे एक खोच आहे. लॅपटॉप दुकानातच ‘सेटअप करून’ घेतला असेल, तर तो दुकानातल्या पोऱ्याच्या ईमेलवर चालू केलेला असण्याची शक्यता असते. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडून कोणाचा ईमेल दिसतो ते आजच बघा. परका दिसला तर त्या दुकानाशी तुमचा संबंध अजून गोड आहे तोवर चावी मागून घ्या.

दुसरं, फाइलींची प्रत. ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवी आणि काम झालं की डिस्क काढून ठेवायला हवी. डी ड्राइव्हवरची प्रत ही प्रत नव्हे. सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. ‘अपडेट काय फाइली थोडीच खातंय’ असं वाटत असेल तर ऑक्टोबर २०१८ आठवा. विंडोज १० चं त्या वेळचं मोठं अपडेट काही जणांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फाइली पुसून गेलं, आणि मायक्रोसॉफ्टला ते चार दिवसांत मागे घ्यावं लागलं.

तिसरं, रिस्टोअर पॉइंट. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा, सी ड्राइव्ह निवडा. समोर ‘ऑफ’ लिहिलेलं असेल (बऱ्याचदा असतंच) तर ‘कॉन्फिगर’मध्ये जाऊन चालू करा आणि पाच-दहा जीबी जागा द्या. मग ‘क्रिएट’. याने विंडोजच्या आतली मांडणी मागच्या तारखेला नेता येते. तुमच्या फाइली याने परत येत नाहीत, हे पक्कं लक्षात असू द्या.

चौथं, मोबाईलने फोटो काढा. प्रिंटरच्या पोर्टचा, नेटवर्कच्या आयपी पत्त्याचा, टॅलीच्या डेटा पाथचा, स्कॅनरच्या सेटिंगचा. आणि प्रिंटर, टोकन, बायोमेट्रिक मशीन यांचे ड्रायव्हर (ती यंत्रं विंडोजशी जोडणारे छोटे प्रोग्राम) एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. इंटरनेटच बंद पडलं तर ड्रायव्हर कुठून आणणार?

पायरी २: अपडेट कधी बसवायचं ते तुम्ही ठरवा

सेटिंग्ज → विंडोज अपडेट. इथे ‘पॉज अपडेट्स’ आहे, एक ते पाच आठवडे. विंडोज १० मध्ये ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ३५ दिवसांपर्यंतची तारीख निवडता येते. मुदत संपली की आधी साचलेलं अपडेट बसवावं लागतं, त्याशिवाय पुन्हा पॉज होत नाही.

ऑफिससाठी सोपा हिशेब असा: महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पॉज करा, जीएसटीआर-३बी ची २० तारीख उलटली की उघडा आणि सगळ्यांचं काम संपल्यावर, संध्याकाळी, बसवा. तोवर एखाद्या अपडेटने जगात कुठे गोंधळ घातला असेल तर तो उजेडात आलेला असतो आणि बऱ्याचदा त्यावरचा उतारासुद्धा. घरच्या कॉम्प्युटरला एका आठवड्याचा पॉज पुरे. महिनोन्महिने लांबणीवर टाकत राहिलात तर वॉनाक्रायवाला मुद्दा परत वाचा. आणि एखादं भोक बाहेर वापरलं जातंय, ताबडतोब बसवा, अशी बातमी आली तर पॉज विसरायचा.

त्याच पानावर ‘गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल’ असं एक बटण आहे. ते बंद असू द्या. ते चालू ठेवणं म्हणजे रांगेत सगळ्यात पुढे उभं राहून नवीन बदल आपल्या अंगावर घेणं. तसंच महिन्याच्या शेवटी शेवटी एक ‘प्रिव्ह्यू’ अपडेट दिसतं, समोर ‘डाऊनलोड अँड इन्स्टॉल’. ते ऐच्छिक असतं, त्याला हात लावू नका. जानेवारी २०२५ च्या अशाच प्रिव्ह्यूनंतर यूएसबीने जोडलेले काही प्रिंटर स्वतःहून अगम्य अक्षरांची पानं ओकू लागले होते. पहिल्या ओळीत ‘पोस्ट /आयपीपी/प्रिंट’ असा काहीतरी मजकूर, खाली कचरा, आणि कागद संपेपर्यंत तेच.

बसवताना लॅपटॉप चार्जरला, डेस्कटॉप यूपीएसवर. लाइट जायची वेळ ठाऊक असेल तर ती टाळा. पडद्यावर टक्केवारी अडकलेली दिसली तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनला दोन-तीन तास लागू शकतात. बटण दाबून धरायची घाई अपडेटपेक्षा जास्त नुकसान करते.

पायरी ३: दोष खरंच अपडेटचा आहे का?

अपडेटच्या नावावर बरीच पापं खपतात. म्हणून आधी खातरजमा.

आधी रिस्टार्ट करा. ‘शट डाऊन करून परत चालू केलं की’ असं म्हणू नका, ते वेगळं. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना शट डाऊनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उघडते. कालचा गोंधळ जसाच्या तसा. मेनूतून ‘रिस्टार्ट’ निवडलं तरच कोरी सुरुवात होते. निम्म्या तक्रारी इथेच संपतात असं मी म्हणणार नाही, पण ज्या संपतात त्या फुकटात संपतात.

मग स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करून ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. हे विंडोजमधलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित पान आहे. एकाशेजारी एक दिवस, असे दिवसांचे उभे रकाने दिसतात. काही बसवलं असेल तिथे निळं चिन्ह, काही कोसळलं असेल तिथे लाल फुली. निळ्या चिन्हावर क्लिक केलं की खाली नावं येतात. कदाचित त्या दिवशी विंडोज अपडेट आलेलंच नसेल आणि अँटिव्हायरसने किंवा प्रिंटरच्या कंपनीच्या प्रोग्रामने आपलं स्वतःचं अपडेट गुपचूप बसवलेलं असेल. १९ जुलै २०२४ ला जगभर निळे पडदे आले आणि विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली, तेव्हाही लोकांनी विंडोज अपडेटलाच शिव्या घातल्या. प्रत्यक्षात चूक क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये होती.

विंडोजचंच अपडेट असेल तर सेटिंग्ज → विंडोज अपडेट → अपडेट हिस्टरीमध्ये त्याचा ‘केबी’ने सुरू होणारा सात आकडी क्रमांक मिळेल. तो लिहून घ्या. मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज रिलीज हेल्थ’ नावाचं पान आहे, त्यावर तुमच्या आवृत्तीच्या ज्ञात अडचणींची यादी असते. तुमची तक्रार तिथे ‘रिझॉल्व्ह्ड’ दिसत असेल तर सरळ नवं अपडेट बसवा, मागे जायची गरज नाही. काही चुका मायक्रोसॉफ्ट दूरूनच मागे फिरवते. इंटरनेट चालू ठेवून एक-दोनदा रिस्टार्ट करणं एवढंच आपलं काम.

अडचण एकाच वेबसाइटवर येते का, तेही बघा. येत असेल तर ती साइट मोबाईलवर उघडून पाहा. तिथेही बंद असेल तर तुमचा कॉम्प्युटर निर्दोष आहे.

पायरी ४: बिघडलंय तेवढंच दुरुस्त करा

*प्रिंटर*

सर्वांत जास्त रडारड याचीच. क्रमाने जा.

सेटिंग्ज → ब्लूटूथ अँड डिव्हायसेस → प्रिंटर्स अँड स्कॅनर्स. खाली ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ असेल, ते बंद करा. ते चालू असलं की शेवटचं पान जिथे छापलं तोच प्रिंटर मुख्य होतो. कोणीतरी एकदा पीडीएफ बनवली की पुढचं बिल कागदावर न येता ‘फाइल कुठे सेव्ह करू?’ असं विचारायला लागतं. यात अपडेटचा काही दोष नाही, पण खापर त्याच्यावर फुटतं.

रांगेत जुनी प्रिंट अडकली असेल आणि ‘डिलीटिंग’ म्हणत तशीच बसली असेल तर स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ उघडा, ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज → सिस्टम३२ → स्पूल → प्रिंटर्स या फोल्डरच्या आतल्या फाइली पुसा (फोल्डर नाही), आणि स्पूलर परत चालू करा.

तरीही नाही? मग प्रिंटर यादीतून काढा, रिस्टार्ट करा, आणि विंडोजने आपोआप शोधलेला ड्रायव्हर न घेता कंपनीच्या साइटवरचा टाका. विंडोज आपोआप देतं तो ड्रायव्हर छापतो, पण कधी स्कॅन गायब, कधी दोन्ही बाजूंनी छपाई गायब.

एका कॉम्प्युटरला जोडलेला प्रिंटर बाकीचे वापरतात, अशी रचना आपल्याकडच्या लहान ऑफिसांत सर्रास असते, आणि तीच अपडेटच्या तडाख्यात वारंवार सापडते. २०२१ च्या जून-जुलैमध्ये विंडोजच्या छपाई व्यवस्थेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं मोठं भोक सापडलं. त्याच सुमारास छपाईतलंच आणखी एक भोक बुजवताना मायक्रोसॉफ्टने शेअर प्रिंटरचे नियम कडक केले आणि त्या सप्टेंबरपासून शेवटी ‘११बी’ असलेला एरर घराघरात पोचला. त्यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) एक आकडा बदलायचा ‘जालीम उपाय’ सगळीकडे फिरतो. तो चालतो, कारण तो बुजवलेलं भोक परत उघडतो. करू नका. आधी दोन्ही कॉम्प्युटर, म्हणजे प्रिंटर जोडलेला आणि मागणारा, सारख्याच अपडेटवर आणा. एक नवा आणि एक जुना राहिला की हा एरर येतो. प्रिंटरला लॅन किंवा वायफाय असेल तर शेअरिंगच सोडून द्या आणि प्रत्येक कॉम्प्युटरवरून त्याच्या आयपी पत्त्याने थेट जोडा. मधला कॉम्प्युटर बंद असला तरी मग छपाई चालते, हा वरचा फायदा.

शेअर केलेले फोल्डर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर उघडेनासे झाले असतील तर कारण जवळचंच आहे: प्रो आवृत्तीत पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून आत शिरणं बंद झालं. फोल्डर असलेल्या कॉम्प्युटरवर पासवर्ड असलेला एक वेगळा युजर बनवा आणि तेच नाव-पासवर्ड दुसरीकडून द्या.

*मराठी टायपिंग*

मोठ्या अपडेटनंतर भाषांची यादी विस्कटलेली असू शकते. विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबा. कुठले कीबोर्ड आहेत ते दिसतील. मराठी नसेल तर सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → लँग्वेज अँड रीजन. मराठीसमोरच्या तीन ठिपक्यांतून ‘लँग्वेज ऑप्शन्स’, आणि तिथे ‘ॲड अ कीबोर्ड’. नुसतं ‘मराठी’ लिहिलेला तो इनस्क्रिप्ट. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा तो ‘मराठी फोनेटिक’. नको असलेला जास्तीचा इंग्रजी कीबोर्ड इथूनच काढा.

वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये गेलं की इंग्रजी, असं होत असेल तर टायपिंग → ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक विंडोसाठी वेगळा कीबोर्ड ठेवण्याची खूण काढून टाका.

जुन्या फाइलीतला मराठी मजकूर एकाएकी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसू लागला, तर घाबरू नका. तो मजकूर युनिकोडच्या आधीच्या, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असणार आणि फॉन्ट निघून गेला असणार. मजकूर शाबूत आहे. फॉन्टच्या फाइलीवर उजवं क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडा. साधं ‘इन्स्टॉल’ केलं तर विंडोज तो फक्त त्या एका युजरपुरता टाकतं. या अवस्थेत ती फाइल ‘दुरुस्त’ करून सेव्ह मात्र करू नका.

मंगल फॉन्टची गोष्ट वेगळी. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट मूळ विंडोजमध्ये नसतात, जोडपॅकेटात असतात. मंगलमध्ये केलेली सरकारी पत्रं मग दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडतात आणि दोन पानांचं पत्र तिसऱ्या पानावर सांडतं. सेटिंग्ज → सिस्टम → ऑप्शनल फीचर्समध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ शोधून टाका.

*डिजिटल सहीचं टोकन*

टोकनसोबत येणारा छोटा प्रोग्राम उघडा. त्यात तुमच्या नावाचं सर्टिफिकेट दिसतंय का? दिसत असेल तर टोकन आणि ड्रायव्हर ठणठणीत आहेत. अडचण ब्राउझर आणि सही करणारा प्रोग्राम यांच्यात आहे. तो प्रोग्राम बंद करून उजव्या क्लिकने ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ चालवा. हे प्रोग्राम तुमच्याच मशीनवर पडद्यामागे एक छोटा सर्व्हर चालवतात आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ अपडेटने नेमक्या अशाच काही लोकलहोस्ट (मशीनच्या आतल्या आत होणाऱ्या) जोडण्या तोडल्या होत्या.

सर्टिफिकेट दिसतच नसेल तर ड्रायव्हर काढून परत टाका, टोकन मागच्या बाजूच्या थेट यूएसबी पोर्टला लावून बघा. आणि दोन गोष्टी कधीही करू नका. पिन अंदाजाने टाकत बसू नका, ठरावीक चुकांनंतर टोकन लॉक होतं. आणि त्या प्रोग्राममध्ये ‘इनिशिअलाइज’ नावाचं बटण दिसलं तर त्याच्या वाटेला जाऊ नका. ते टोकन कोरं करतं, सर्टिफिकेट कायमचं जातं आणि नवं विकत घ्यावं लागतं. ‘टोकन रिसेट करून बघतो’ म्हणणाऱ्याचा हात वेळीच धरा.

*जुनी सॉफ्टवेअर आणि जुन्या साइट*

जुना हिशेबाचा प्रोग्राम उघडताना ‘डॉट नेट ३.५’ मागत असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये त्यावर खूण करा. इंटरनेटवरून कुठूनतरी उतरवायची गरज नाही.

डॉसवरचं फॉक्सप्रो अजूनही काही आडत दुकानांत, मेडिकलमध्ये नेटाने चाललंय. ते १६ बिटचं असेल तर ६४ बिट विंडोजवर चालत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. इथे दुरुस्ती नाही. जुनं मशीन इंटरनेट तोडून तेवढ्याच कामाला ठेवा, किंवा डॉसबॉक्स हे डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर वापरून बघा. मूळचं गेमसाठी बनवलेलं आहे, छपाईला छळतं, पण चालतं.

इंटरनेट एक्सप्लोररशिवाय न चालणारी साइट असेल तर एज ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट ब्राउझर’खाली आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड चालू करून ती साइट यादीत टाका. ही नोंद ३० दिवसांनी आपोआप निघून जाते. दर महिन्याला ‘अपडेटने साइट बंद पाडली’ म्हणणाऱ्यांनी आधी ही यादी बघावी.

*डेस्कटॉपवरच्या फाइली गायब*

इथे सर्वांत आधी शांत बसा. काहीही नवीन सेव्ह करू नका. फाइल एक्सप्लोररमध्ये वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) उघडा आणि आत ‘डेस्कटॉप’ फोल्डर आहे का बघा. सेटअपच्या वेळी ‘बॅकअप’ला हो म्हटलं गेलं असेल तर सगळं तिथे हललेलं असतं. नसेल तर सी ड्राइव्हवरचं ‘युजर्स’ फोल्डर बघा. फेब्रुवारी २०२० च्या एका अपडेटनंतर काही जणांना रिकामा, परका डेस्कटॉप दिसला होता. विंडोजने तात्पुरतं प्रोफाइल उघडलं होतं आणि खरं प्रोफाइल शेजारीच नाव बदलून पडलेलं होतं. अशा वेळी काही वेळा रिस्टार्ट केल्यावर खरं प्रोफाइल परत येतं. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये केलेलं काम मात्र साइन आउट करताच जातं.

पायरी ५: अपडेट काढणं

वरचं काही लागू पडलं नाही आणि केबी क्रमांक हातात आहे. सेटिंग्ज → विंडोज अपडेट → अपडेट हिस्टरी → अनइन्स्टॉल अपडेट्स. तो क्रमांक निवडून काढा, रिस्टार्ट करा, आणि लगेच पॉज लावा. पॉज विसरलात तर ते पुन्हा येऊन बसेल. महिन्याचं अपडेट एकगठ्ठा असतं. त्यातलं फक्त प्रिंटरचं काढा, बाकी राहू द्या, असं जमत नाही. म्हणून सुरक्षेचे तुकडेही निघतात, आणि म्हणून पॉज दोन-तीन आठवड्यांपेक्षा लांबवायचा नाही.

बिघाड फक्त एका वस्तूचा असेल, समजा आवाज किंवा वायफाय, तर पूर्ण अपडेट काढण्याआधी ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, त्या वस्तूवर डबल क्लिक, ‘ड्रायव्हर’ टॅब, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. बटण फिकट असेल तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही, पुढे चला.

वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट, ज्यात आवृत्तीच बदलते, किंवा दहावरून अकरावर उडी: त्यासाठी सेटिंग्ज → सिस्टम → रिकव्हरी → ‘गो बॅक’. मुदत १० दिवस. जुनं विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं. सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून कोणी सफाई करताना हे फोल्डर उडवलं की परतीचा रस्ता बंद. दहा दिवस त्या ड्राइव्हला झाडू लावू देऊ नका.

मशीन सुरूच होत नसेल तर: चालू करा, विंडोजचं चिन्ह दिसू लागलं की पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. ट्रबलशूट → ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स → अनइन्स्टॉल अपडेट्स. दोन पर्याय मिळतात. महिन्याच्या अपडेटसाठी ‘क्वालिटी’, मोठ्यासाठी ‘फीचर’. शेजारीच ‘सिस्टम रिस्टोअर’ आहे, पायरी १ मधला पॉइंट इथे कामाला येतो. बिटलॉकरची चावी मागितली जाऊ शकते. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने तर कहर केला होता: या दुरुस्तीच्या पडद्यावरच यूएसबी कीबोर्ड आणि माऊस मेले होते. दुरुस्ती २० ऑक्टोबरला आली, पण ज्यांचं मशीन सुरूच होत नव्हतं त्यांना टचस्क्रीन किंवा जुन्या गोल पिनेचा पीएस/२ कीबोर्ड असेल तरच आशा होती. तो जुना कीबोर्ड भंगारात देऊ नका, इतकंच.

पायरी ६: फॉरमॅटच्या अलीकडचं शेवटचं बटण

सेटिंग्ज → सिस्टम → रिकव्हरीमध्ये ‘फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट’ आणि समोर ‘रीइन्स्टॉल नाऊ’. हे तीच आवृत्ती वरून परत बसवतं. फाइली, सॉफ्टवेअर आणि सेटिंग जागच्या जागी राहतात. एक-दोन तास आणि बऱ्यापैकी डेटा लागतो, त्यामुळे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करू नका. विंडोजच्या स्वतःच्या फाइली खराब झाल्या असतील तर फॉरमॅटने जे साधलं असतं ते बहुतेक याने साधतं. विंडोज १० मध्ये हे बटण नाही. तिथला नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं असेल तर ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

एवढं करूनही फॉरमॅटच करायचा झाला, तर कॉम्प्युटरवाल्याला मशीन देण्याआधी: टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते बघून तो बाहेरच्या डिस्कवर घ्या, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क निर्यात करा, सी ड्राइव्हवरचं डेस्कटॉप आणि डाऊनलोड्स उचला, जुने मराठी फॉन्ट पेन ड्राइव्हवर घ्या. टोकन काढून खिशात ठेवा. आणि नवं विंडोज टाकून झालं की इंटरनेट जोडल्या जोडल्या पहिल्यांदा पॉज दाबायला सांगा.